हबच्या पोटात

जुन्या सायकलींना हल्ली बरे दिवस आले आहेत म्हणतात. माझ्या मते ते आले आहेत रंगाला आणि क्रोमला. फ्रेम चकचकीत, सीट चामड्याचं, घंटी पितळेची, की झाला फोटो. ‘चाक फिरवून पाहिलंत का?’ असं विचारलं तर दिवाणखान्यातला तंबोरा लावायला सांगितल्यासारखं हौशी मंडळी बघतात. सायकलीची जात चाकाच्या मधोमध बसणाऱ्या हबवरून ओळखावी, हा माझा चाळीस वर्षांचा हेका आहे आणि आता तो सुटणार नाही.

शर्यतीच्या हबचा इतिहास दोन ओळींत उरकतो. इटलीच्या तुलिओ काम्पान्योलोने चाक झटकन सोडवणारं क्विक रिलीज आणलं, पुढे देखणे रेकॉर्ड हब काढले. १९७१मध्ये कॅलिफोर्नियात फिल वुडने बंद बेअरिंगचे हब आणले. इटालियन नाव नसेल तर हबला हात न लावणारे एक गृहस्थ मला दरवर्षी पत्र पाठवतात. पाठवोत. पुण्यातल्या आमच्या वाड्याच्या जिन्याखाली उभ्या असत त्या रॅले, फिलिप्स आणि बीएसए. त्यातल्या एकीच्या मागच्या चाकात माझं दैवत बसलं होतं : नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू.

कंपनी १९०२ची. नाव स्टर्मी आणि आर्चर यांचं, पण पहिल्या तीन गिअरच्या हबमागचं डोकं विल्यम रायलीचं. आधीच्या हबचे हक्क तो लिहून देऊन बसला होता, म्हणून पेटंट आर्चरच्या नावावर निघालं. असं आपल्याकडेच होतं असं नाही. एडब्ल्यू आला १९३६मध्ये. पोटात एक्सलवर पक्कं बसलेलं २० दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी चार पिल्लं आणि बाहेर ६० दात्यांचं कडं. मधला गिअर सरळ. पहिल्यात चाकाचा वेग पाव हिश्शाने घटतो, तिसऱ्यात एकतृतीयांशाने वाढतो. हा एकतृतीयांश म्हणजे त्याच २० आणि ६०चा हिशेब. कात्रजचा चढ पहिल्यात, आणि परतीचा उतार तिसऱ्यात. तब्येत कानाने कळते. पहिल्या गिअरात हब गप्प असतो, दुसऱ्या-तिसऱ्यात पॅडल मारतानाही टिकटिकतो. याच घराण्याने पन्नाशीच्या दशकात एसडब्ल्यू नावाचा सुधारित हब काढला. तो इतका दगा देई, की काही वर्षांत गुंडाळावा लागला. ‘सुधारित’ शब्दाला मी तेव्हापासून वचकून असतो.

एडब्ल्यूत ग्रीस ठासून भरा, असं सांगणारे एक जाणकार आहेत. त्यांना माझा नमस्कार आणि त्यांच्या हबला श्रद्धांजली. आतल्या खिट्या नाजूक स्प्रिंगांवर उघडमीट करतात. जड ग्रीसमध्ये त्या चिकटल्या की पॅडल नुसतं फिरतं. हबच्या पाठीवर छोटी टोपी दिली आहे ती तेलासाठी. ती उघडून अधूनमधून पातळ यंत्रतेलाचे थेंब सोडावेत. घरातलं तेल मात्र नको. खोबरेल पाजलेला एक हब मी उघडला आहे. आत चिक्की झाली होती. गिअर लावताना उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं. दुसऱ्या गिअरात गिअरच्या साखळीच्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर जुळलं पाहिजे. चुकलं, तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या पोकळीत पॅडल सुटतं आणि स्वार दांडीवर येतो. हा प्रसाद घेतलेल्यांना अधिक सांगणे न लगे.

साध्या हबची सेवा त्याहून सोपी. मागच्या हबात प्रत्येक बाजूला बहुधा पाव इंची नऊ छर्रे असतात. ते ज्यावर फिरतात तो कोन काढून उजेडात धरावा. देवीच्या वणांसारखे खड्डे दिसले तर कोन बदलावा. कप मात्र हबच्या अंगातच दाबून बसवलेला असतो. तो गेला की बहुतेक हब गेला. छर्रे सगळे नवे आणि एकाच पाकिटातले घालावेत. एखादा जरा मोठा निघाला तर एकत्र कुटुंबातल्या थोरल्यासारखा सगळा भार तोच उचलतो. कोन बरोबर लागला की चाक हलकेच सोडावं, व्हॉल्व्हच्या वजनानेच ते व्हॉल्व्ह खाली आणून थांबतं.

उपदेश करणाऱ्याने आपलं पापही सांगावं. डबलसीट आणि बिनदिव्याच्या स्वाराला पोलीस धरत, त्या काळात मला एक डायनोहब मिळाला. पुढच्या चाकातच सहा व्होल्टची वीज, टायरला घासणं नाही. उत्साहात मी आतली गुंडाळी चुंबकातून ओढून काढली. तिच्या जागी लोखंडी कडं सरकवायला हवं होतं, हे नंतर कळलं. चुंबक मंदावला. पुढे तो दिवा देवघरातल्या निरांजनाएवढा लागायचा.

हब शोधायचा तो मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, ऊन चढायच्या आत. एडब्ल्यूच्या अंगावर आकडे कोरलेले असतात : ५३ आणि ७ म्हणजे जुलै १९५३. मागच्या हबची भोकं मोजावीत. इंग्रजी चाल पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकची. आपल्या साध्या काळ्या सायकलीनेही तीच उचलली, म्हणून ४० भोकांच्या जुन्या हबला इथली रिम आजही जमते. क्रोम उडालं असेल तर भाव पाडावा. एक्सल बोटांत फिरवून खरखर लागली, तर मात्र घाई करू नये. ती वाळलेल्या ग्रीसचीही असते.

नॉटिंगहॅमचा कारखाना मिटला. २०००मध्ये ते नाव तैवानच्या सनरेसकडे गेलं. तीन गिअरचे हब तिथे अजून होतात आणि नव्यांतून ती पोकळीही गेली. तेव्हा हब संपले अशी रड मी रडत नाही. माझी रड वेगळी आहे. पूर्वी पेठेतल्या कुठल्याही दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’ होई. पाटीवर शब्द चुकलेला, पण हात बिनचूक. आमचे उस्ताद कोन आवळत, किंचित मागे घेत, लॉकनट कसत आणि डोळे मिटून एक्सल फिरवत. ‘दिसत नाही रे, लागतं,’ म्हणत. परवा एका झगमगीत दुकानात कोन सैल झाल्याचं सांगितलं, तर पोराने अख्ख्या चाकाची किंमत सांगितली.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची सायकल भंगारात देण्याआधी मागचा हब पुसून आकडे वाचा, असं सांगणार होतो. पण अंक हाती पडेपर्यंत तुमचा माळा रिकामा झालेला असणार. हरकत नाही. बुधवारी सकाळी मी जुन्या बाजारात असतोच.