लग्न पंढरपूरचं, वही तुमची

आषाढी-कार्तिकीला सगळेच जातात. फील्डवर्कचा हात बसवायचा असेल तर वसंत पंचमीला पंढरपूर गाठा. त्या दिवशी मंदिरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. तिथून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख, वर गुलाल.

आता जरा फिरून बघा. रुक्मिणीचं गर्भगृह विठोबाला लागून नाही, मागे वेगळं आहे. का? तर ती रुसून दिंडीरवनात आली होती, असं सांगतात. म्हणजे कथेत रुसवा, वास्तूत अंतर, आणि दर वसंतात पुन्हा लग्न! तुमचा संशोधनप्रश्न या तिन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे.

गुंथर सोन्थायमर हे जर्मन संशोधक मराठी शिकून धनगरांमध्ये हिंडले. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला. आपल्याला भाषा आयती मिळालेली, म्हणून ऐकण्याआधीच कळल्यासारखं वाटतं.

माझंही तेच झालं. एका आजींना विचारलं, "हे लग्न म्हणजे रुसवा काढणंच ना?" "हो रे बाळा." मी खूश! रात्री वही उघडली तर ते वाक्य त्यांचं नव्हतंच, माझं होतं.

दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "आजी, काल काय काय झालं?" अर्धा तास त्या लेकीच्या सासरबद्दल बोलल्या, मध्येच रुक्मिणीबद्दल, कुठली कोण ते कळेना. रेकॉर्डिंगची परवानगी मागायची राहिली होती, म्हणून मोबाइल खिशातच. आठवलं तेवढं चहाच्या टपरीवर बसून उतरवून काढलं.