लागणीआधी पिकअपचे इंजिन पाहा



तोडलेले बेणे २४ तासांच्या आत लावावे, हे आम्ही नेहमी सांगतो. बेणे आणणारी जुनी डिझेल पिकअप वाटेत बसली की बेणे वाळते, उगवण घटते. म्हणून इंजिन आधीच तपासा. दुखणे कुठे आहे ते धूरच सांगतो.

काळा धूर : हवा कमी पडतेय. एअर क्लीनर साफ करा, नोझल तपासून घ्या.

निळा धूर : ऑइल जळतेय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले असणार.

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी घटते : हेड गॅस्केट पाहा. गाडी तशीच दामटू नका.

मध्येच बंद पडते : डिझेल फिल्टर बदलून लाईनमधली हवा काढा.

एवढे केल्याशिवाय मोठ्या इंजिनाच्या नादी लागू नये. त्याला क्लच, ब्रेक, रेडिएटरही त्याच ताकदीचे लागतात. आरटीओची पूर्वपरवानगीही लागते. पुष्कळदा फिल्टरच्या खर्चातच काम भागते.