‘ॲक्च्युअली’च्या पुढचं वाक्य

सकाळी कळंबा तलावाच्या बांधावर फिरताना शेजारच्या काकू भेटल्या. त्यांच्या यजमानांच्या तपासण्या चालू होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही इंग्रजीचे. ते ‘ॲक्च्युअली’ म्हणजे काय हो? डॉक्टर रिपोर्ट बघतात, ‘ॲक्च्युअली’ म्हणतात आणि माझ्या पोटात गोळाच येतो. पुढचं काही ऐकू येत नाही."

मी कोशातला अर्थ सांगितला: प्रत्यक्षात, वास्तविक. त्यांचं समाधान झालं नाही. कसं होणार? कोश अर्थ देतो. शब्द कामाला कुठं लावलाय, ते सांगत नाही.

इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा ऐकणाऱ्याची समजूत दुरुस्त करायला येतो. टोमॅटोला आपण भाजी म्हणतो, वनस्पतिशास्त्रात तो ‘ॲक्च्युअली’ फळ आहे. तुम्हाला वाटलं तसं नाही, एवढंच तो सुचवतो. पुढची बातमी चांगलीही असू शकते. (जर्मन आणि फ्रेंचमधली त्याची भावंडं मात्र ‘सध्या’ या अर्थाची, भाषांतर करणारे तिथं हमखास घसरतात.)

आपण मराठीत त्याला नकाराच्या गाडीला जुंपलंय. "ॲक्च्युअली, मला यायचं होतं," म्हटलं की गडी आला नव्हता हे समजावं. उसने पैसे मागितल्यावर "ॲक्च्युअली, या महिन्यात..." एवढंच पुरतं.

गंमत म्हणजे कोल्हापूरला या पाहुण्याची गरजच नव्हती. आमच्याकडं ‘खरं’ आहे, तेही ‘पण’ या अर्थानं. "आलो असतो, खरं पाऊस लागला." पुण्याचा माणूस विचारतो, यात खरं काय? सत्याचा शब्द आम्ही फार पूर्वीच सबबीला लावलाय.

इथल्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्यांना हा शब्द रुचला नसता. मलाही फारसा रुचत नाही, खरं (बघा, आलंच!) डॉक्टरांच्या तोंडून तो जाणार नाही.

म्हणून काकूंना म्हटलं, "तो शब्द वाईट बातमीचा नव्हे. कान पुढच्या वाक्याकडं ठेवा. नाही कळलं तर मराठीत सांगा म्हणावं."

परवा त्यांनी मला फाटकापाशीच थांबवलं. "डॉक्टर म्हणाले, ॲक्च्युअली गाठ साधी आहे. मी दोनदा म्हणायला लावलं."