नव्या नाटकाचा आस्वाद : ‘संगीत देवबाभळी’च्या निमित्ताने



आषाढी वारीच्या वाटेवर हडपसरला एक वेगळे स्थान आहे. पुण्यातील मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची अशा दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच रस्त्याने येतात आणि गाडीतळापाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे जाते, तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते. हडपसर परिसरात राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्या दिवशी वारकऱ्यांना चहा-पाणी दिले असेल, किंवा कामावर पोहोचायला उशीर झाला म्हणून मनातून चरफडत गर्दीत उभे राहण्याचा अनुभवही घेतला असेल. या साऱ्या सोहळ्यात एक प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. जो विठ्ठलाच्या वाटेला लागला, त्याच्या मागे राहिलेल्या घराचे काय झाले?

प्राजक्त देशमुख या नाशिकच्या तरुण नाटककाराने हा प्रश्न विचारला आणि त्यातून ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक उभे राहिले. आधी एकांकिका म्हणून गाजलेली ही कृती २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्स या संस्थेने पूर्ण लांबीच्या नाटकाच्या रूपात व्यावसायिक रंगभूमीवर आणली. लेखन आणि दिग्दर्शन देशमुख यांचेच आहे. पुढे या नाटकासाठी त्यांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. समकालीन नाटककाराच्या नव्या नाटकाचा आस्वाद कसा घ्यावा, हे आपण या घटकात मुख्यतः या एका नाटकाच्या आधारे पाहणार आहोत.

१. नव्या नाटकापुढची अडचण

मागील घटकांत आपण ‘संगीत शारदा’, ‘घाशीराम कोतवाल’, ‘वाडा चिरेबंदी’ यांसारख्या नाटकांचा परिचय करून घेतला. या नाटकांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. ‘शारदा’ म्हटले की जरठ-बाला विवाहाचा प्रश्न आणि ‘वाडा चिरेबंदी’ म्हटले की ढासळती एकत्र कुटुंबव्यवस्था, अशी सूत्रे आपल्या हाती आयती येतात. विद्यार्थी त्या सूत्रांचा हात धरून नाटकात शिरतो. ही सोय आहे, पण सवय झाली की ती अडसरही ठरते.

नव्या नाटकाबाबत असा हात धरायला कोणी नसते. समीक्षा-ग्रंथ नसतात, फार तर वृत्तपत्रांतील परीक्षणे असतात आणि त्यांतही बऱ्याचदा कथानक व कलावंतांची नावे यांपलीकडे फारसे काही नसते. संपर्कसत्रांत अनेक प्रौढ विद्यार्थी या टप्प्यावर थबकतात. ‘आम्ही दिवसभर नोकरी करणारी, संसार सांभाळणारी माणसे. नाटकावर मत देण्याचा आम्हांला काय अधिकार?’ असा त्यांचा सूर असतो. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. अभिनवगुप्तांनी ज्याला ‘सहृदय’ म्हटले तो रसिक काव्याच्या अभ्यासाने मन स्वच्छ झालेला असावा लागतो, हे खरे. मात्र त्या मनाला तन्मय होण्यासाठी अनुभवाचा साठाही लागतो. घरात आजारी माणूस असताना स्वयंपाकाची वेळ टळत नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला ‘देवबाभळी’तील काही जागा वीस वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक लवकर कळतील.

२. कथाबीज आणि नाटककाराची निवड

वारकरी कथापरंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. तुकोबा डोंगरावर नामस्मरणात गढलेले असताना त्यांची पत्नी आवली, म्हणजे जिजाई, भाकरी घेऊन त्यांना शोधत रान तुडवते. वाटेत तिच्या पायात काटा रुततो आणि स्वतः विठ्ठल येऊन तो काटा काढतो. कीर्तनात ही कथा देवाच्या भक्तवत्सलतेचा दाखला म्हणून येते. काटा निघतो, कथा संपते.

देशमुख यांचे नाटक याच्यापुढे सुरू होते. काटा निघाला तरी जखम राहिली. आवली गरोदर आहे, तिला चालता येत नाही आणि घरातली कामे तर खोळंबून राहत नाहीत. अशा वेळी विठ्ठल तिच्या सेवेसाठी रखुमाईला देहूला पाठवतो. रखुमाई ‘लखुबाई’ होऊन तुकोबांच्या घरी येते. पण तीही आनंदाने आलेली नाही. आपल्या नवऱ्याने परक्या बाईचा पाय हाती धरला, हा सल तिच्या मनात आहे. रुसून दिंडीरवनात येऊन राहिलेली रखुमाई लोकपरंपरेला परिचित आहेच, नाटककाराने तिचा तो रुसवा येथे नव्याने जागा केला आहे.

समकालीन नाटककार जुनी कथा घेतो तेव्हा त्याने कथेचा कोणता क्षण निवडला, हे प्रथम पाहावे. येथे निवडलेला क्षण चमत्काराचा नाही, चमत्कारानंतरचा आहे. एवढ्या एका निवडीने केंद्र बदलते. देव आणि भक्त बाजूला होतात, त्यांच्या बायका समोर येतात. रंगमंचावर पात्रे दोनच आहेत आणि दोन्ही स्त्रिया आहेत. तुकाराम आणि विठ्ठल यांच्याविषयी सतत बोलले जाते, पण नाटकभर ते पात्र म्हणून अवतरत नाहीत. आवलीच्या आयुष्यातली नवऱ्याची अनुपस्थिती प्रेक्षक रंगमंचावर प्रत्यक्ष अनुभवतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. परंपरेनुसार तुकोबांच्या पहिल्या पत्नीचे नाव रखुमाबाई होते आणि दुष्काळात तिचा अंत झाला. आवलीचे माहेर पुण्याचे, गुळवे घराण्यातले. म्हणजे आज पालखी ज्या शहरातून हडपसरकडे येते, त्याच शहरातून ही मुलगी देहूला नांदायला गेली होती. नाटक समजण्यासाठी ही माहिती अनिवार्य नाही. तरीही ती मनात असली की ‘संताची कजाग बायको’ या ठोकळ्यामागचे माणूस दिसू लागते. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या चित्रपटात गौरी यांनी साकारलेली जिजाईही हा ठोकळा बऱ्याच अंशी मोडणारी होती. त्या जिजाईला विसरून ‘देवबाभळी’ची आवली पूर्ण कळणार नाही.

३. जाणणारा प्रेक्षक, न जाणणारी आवली

या नाटकाचा कणा एका साध्या रचनेवर उभा आहे. लखुबाई कोण आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, आवलीला ठाऊक नाही. नाट्यशास्त्रीय परिभाषेत याला नाट्यगत उपरोध म्हणतात. ही युक्ती नवी नाही. फार्सिकल नाटकांत वेषांतराचे प्रसंग याच युक्तीवर चालतात आणि प्रेक्षक हसतो. येथेही काही ठिकाणी हसू येते, कारण आवली विठ्ठलाला यथेच्छ शिव्या घालते आणि ते ऐकायला त्याची बायकोच समोर बसलेली असते. पण बारकाईने पाहा. सामान्यतः वेषांतर केलेले पात्र वरचढ ठरते, कारण त्याला अधिक माहिती असते. ‘देवबाभळी’त ज्ञान रखुमाईकडे आहे आणि शहाणपण बहुधा आवलीकडे. देवी सांत्वन करायला येते आणि तिचेच दुखणे उघडे पडू लागते.

त्यामुळे येथील संवाद दुहेरी अर्थाने वाचावे लागतात. आवली तिच्या नवऱ्याविषयी काही बोलते, ते लखुबाईच्या कानावर पडताना तिच्या नवऱ्याविषयीचे होते. लखुबाई समजुतीचे चार शब्द बोलते, ते ती स्वतःलाच सांगत असते. संहिता वाचताना प्रत्येक महत्त्वाच्या संवादाशी क्षणभर थांबून हे वाक्य कोणासाठी आहे आणि ऐकणारी त्याचा काय अर्थ घेत असेल, असे विचारून पाहावे. हा एक प्रश्न कथानकाच्या सारांशापेक्षा अधिक देऊन जातो. दोघींच्या भाषेतही भेद आहे. आवलीची बोली रांगडी, कामाच्या धबडग्यातून आलेली आहे आणि तिचा राग त्या बोलीतच शोभतो. तीच वाक्ये प्रमाण मराठीत लिहून पाहिली, तर राग उरतो पण माया निघून जाते.

४. ‘संगीत’ या शब्दाचा भार

नाटकाच्या नावातील ‘संगीत’ हे विशेषण सहज आलेले नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हापासून या शब्दाला मराठी रंगभूमीवर एक इतिहास आहे. पदासाठी संवाद थांबायचा, ‘वन्समोअर’ मिळाला की कथानकही थांबायचे. ‘देवबाभळी’ने हे विशेषण घेतले, पण गाण्याचे काम बदलले. आनंद ओक यांच्या संगीतात अभंगांचा आणि नाटककाराने लिहिलेल्या पदांचा मेळ आहे. आवलीची भूमिका करणाऱ्या शुभांगी सदावर्ते आणि लखुबाई साकारणाऱ्या मानसी जोशी या दोघी अभिनेत्री स्वतः गातात.

येथे विचार करण्याजोगा मुद्दा असा की, अभंग ही तुकोबांची वाणी आहे. ज्या शब्दांनी नवरा घरापासून दूर नेला, तेच शब्द नाटकात त्या घरात घुमतात. सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) कीर्तनाचा आकृतिबंध वापरला होता. तेथे मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतो आणि परंपरागत रूप तिरकस होऊन जाते. देशमुख परंपरेकडे तिरकस नजरेने पाहत नाहीत, ते तिच्या आत राहून प्रश्न विचारतात. दोन्ही मार्ग वैध आहेत. कोणता अधिक धाडसी, यावर मतभेद होऊ शकतात आणि ते व्हावेत.

५. आवलीच्या रागाचे काय होते?

नाटक आवडले, डोळे भरून आले, एवढ्यावर आस्वाद थांबत नाही. ‘देवबाभळी’बाबत एक गंभीर आक्षेप घेता येतो. आवलीचा राग खरा आहे. घरात दाणा नाही, मुले आहेत, पोटात आणखी एक जीव आहे आणि नवरा डोंगरावर आहे. हा राग भक्तीच्या सुरांत विरघळून गेला तर प्रेक्षक समाधानाने घरी जाईल, पण प्रश्न तसाच राहील. जखम भरून येण्याची कथा निवडली की समजुतीकडे कल झुकणारच, असे म्हणता येईल.

याच्या उलट बाजूही मांडता येते. आवलीच्या आयुष्यात तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारे कोणी नव्हते. नाटककार तिला उत्तर देत नाही, एक ऐकणारी देतो. आणि ती ऐकणारी देवघरातली, अठ्ठावीस युगे नवऱ्याच्या शेजारी असूनही वेगळ्या गाभाऱ्यात उभी असलेली. पंढरपूरला गेलेल्या प्रत्येकाने विठ्ठल आणि रखुमाई यांची स्वतंत्र मंदिरे पाहिलेली असतात. त्या अंतराचा अर्थ हे नाटक पाहिल्यावर थोडा निराळा भासतो. प्रस्तुत लेखकाला या नाटकाची ताकद शेवटच्या समजुतीपेक्षा मधल्या कुरकुरीत अधिक वाटते. दोन बायका काम करता करता नवऱ्यांविषयी बोलतात, तेथे नाटक सर्वांत उंच जाते. आपले मत याहून वेगळे असेल, तर ते उत्तरपत्रिकेत निःसंकोच लिहावे. मात्र संहितेतील कोणत्या जागेवरून ते मत बनले हे दाखवणे आवश्यक आहे.

६. वाचणे आणि पाहणे

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला नाटक बहुधा पुस्तकातूनच भेटते. तिकिटाचा खर्च, सुटीचा वार, परतीची बस यांचा हिशेब जमवावा लागतो. पूर्वी हडपसरकरांना प्रयोगासाठी बालगंधर्व रंगमंदिर किंवा भरत नाट्य मंदिर गाठावे लागे. आता माळवाडी भागात महापालिकेचे विठ्ठल तुपे पाटील नाट्यगृह आहे. प्रयोगांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि वर्षातून निदान एक नवे नाटक प्रत्यक्ष पाहावे.

पाहणे शक्य नसेल तेव्हा रंगसूचना वगळू नयेत. कंसातील त्या चार शब्दांत नाटकाचा अर्धा प्रयोग दडलेला असतो. ‘देवबाभळी’सारख्या दोन पात्रांच्या नाटकात तर एक बोलत असताना दुसरी काय करते आहे, हे पानावर दिसत नाही आणि रंगमंचावर सतत दिसते. घरातील कोणाला तरी सोबत घेऊन एखादा प्रवेश मोठ्याने वाचावा. एकीने निवडणे-टिपणे, भांडी लावणे असे काही काम करत वाचले, तर आणखी उत्तम. वाक्याची लांबी, श्वासाची जागा, मौन या गोष्टी तेव्हाच कळतात.

एका नाटकावरून साऱ्या नव्या नाटकांचा अंदाज बांधू नये, हेही सांगायला हवे. राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) जालना जिल्ह्यातील शेती करणाऱ्या कलावंतांना घेऊन उभे राहिले. संभाजी भगत यांची संकल्पना आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन लाभलेले हे नाटक थेट प्रेक्षकाशी वाद घालते. तेथे दुहेरी अर्थाचे संवाद शोधत बसणे व्यर्थ, शाहिरी आणि लोकनाट्याची अंगे ओळखावी लागतात. आशुतोष पोतदार यांचे ‘एफ-१/१०५’ हे पुण्याच्या ‘आसक्त’ने केलेले नाटक तर एका सदनिकेच्या भिंतीला हिरवा रंग द्यावा की नाही, एवढ्याशा गोष्टीतून आपल्या काळातील ओळखीच्या राजकारणाकडे जाते. मगरपट्ट्याच्या किंवा अमानोराच्या एखाद्या इमारतीत हा प्रसंग घडणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक नाटक त्याला कसे वाचावे याची चावी स्वतःच पहिल्या पंधरा मिनिटांत देत असते. ती घेण्यासाठी प्रयोगाला वेळेवर पोहोचावे लागते.

स्वाध्याय

‘संगीत देवबाभळी’मधील आवली व लखुबाई यांचा कोणताही एक प्रवेश निवडा. त्यातील कोणती वाक्ये आवलीसाठी एका अर्थाची आणि लखुबाईसाठी दुसऱ्या अर्थाची आहेत, ते शोधा. त्यानंतर हाच प्रवेश आवलीला सत्य ठाऊक आहे असे मानून पुन्हा वाचा आणि कोणती वाक्ये तिला उच्चारणे अशक्य झाले असते, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.