खतावणी आहे, पण रोजकीर्द कुठे?

महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत विद्यार्थी कोणत्याही संगणकापुढे बसतो, आपले नाव व परवलीचा शब्द देतो आणि त्याचे काम त्याच्यासमोर उघडते. हे नाव खरे की खोटे, हे समोरचा संगणक स्वतः ठरवत नाही. तो दुसऱ्या खोलीतल्या एका संगणकाला विचारतो. त्या दुसऱ्या संगणकावर सर्वांची नावे, त्यांचे वर्ग, त्यांचे परवलीचे शब्द (अर्थात सांकेतिक रूपात) एके ठिकाणी ठेवलेले असतात. त्याला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखेच हे आहे. फरक एवढाच, की हे रजिस्टर दिवसभर सतत उघडले जाते आणि त्यात नवे लिहिले जाते ते मात्र क्वचित.

२०१३ साली आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयात या सर्व्हरची डिस्क बिघडली. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण तेथील शिक्षक दर आठवड्याला सर्व माहितीची प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवत. नवी डिस्क बसवली, बॅकअपमधील फाइली जागच्या जागी ठेवल्या, सर्व्हर सुरू केला. तो लगेच बंद पडला. पडद्यावर आलेल्या संदेशाचा अर्थ असा होता: पानावरील क्रमांक लॉगच्या शेवटाच्याही पुढचा आहे. शिक्षकांनी आम्हाला विचारले, “लॉगमध्ये चूक आहे ना? मग लॉग पुसून टाकला तर?”

हा प्रश्न फार जणांना पडतो, आणि तो पडण्याचे कारण ‘लॉग’ या शब्दातच आहे. संगणकवाले हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक लॉग म्हणजे तक्रारवही. सर्व्हर केव्हा सुरू झाला, कोणाला प्रवेश नाकारला, काय चुकले, याच्या टिपणांची ती फाइल. ती पुसली तर इतिहास जातो, माहिती जात नाही. दुसरा लॉग डेटाबेसचा. तो माहितीचाच अर्धा भाग असतो. कसा, ते कळायला वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांची मदत घेऊ.

दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने लिहितात. मग सवडीने तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतात. खतावणीतल्या प्रत्येक रकमेशेजारी ती रोजकीर्दीच्या कोणत्या पानावरून आली ते लिहिलेले असते. डेटाबेस नेमके हेच करतो. समजा, नवा विद्यार्थी दाखल करायचा आहे. त्याचे नाव एका पानावर, नावांच्या सूचीतली नोंद दुसऱ्यावर, वर्गाच्या यादीतली तिसऱ्यावर जाते. दोन पाने लिहून झाली आणि वीज गेली, तर? विद्यार्थी शाळेत आहे पण कोणत्याच वर्गात नाही, अशी स्थिती होईल. म्हणून डेटाबेस तिन्ही बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि लॉग डिस्कवर पक्का झाल्यावरच पानांना हात लावतो. वीज आल्यावर लॉग वाचून अपुरे राहिलेले काम पुरे करता येते किंवा उलटवता येते. आधी रोजकीर्द, मग खतावणी, हा नियम कधीही मोडायचा नाही.

यासाठी प्रत्येक नोंदीला वाढता अनुक्रमांक लागतो. ज्या पानावर बदल झाला त्याच्या माथ्यावर शेवटच्या नोंदीचा हा क्रमांक लिहून ठेवतात. बिघाडानंतर पानावरचा क्रमांक आणि लॉगमधील क्रमांक ताडून पाहिले की हा बदल पानावर पोहोचला होता की नाही ते कळते. ही कल्पना नीट बांधून मांडणारा ‘एरिज’ नावाचा प्रसिद्ध निबंध १९९२ साली आय.बी.एम.मधील संशोधकांनी लिहिला. त्यांतले पहिले नाव सी. मोहन यांचे, म्हणजे मद्रासच्या आय.आय.टी.च्या एका माजी विद्यार्थ्याचे.

आमच्या गोष्टीतला सर्व्हर ओपनएलडीएपी या मुक्त प्रणालीवर चालणारा होता. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एलडीएपी ही पद्धत जन्मली, आणि तेथील मूळ प्रणालीवरून १९९८ साली ओपनएलडीएपीचे काम सुरू झाले. माहिती साठवण्याचे काम त्या काळी ती बर्कली डीबी या डेटाबेसकडे सोपवत असे. बर्कली डीबीच्या लॉग फाइलींच्या नावात ‘लॉग’ आणि पुढे दहा अंकी क्रमांक असतो. एक फाइल भरली (सामान्यतः १० मेगाबाइट) की पुढच्या क्रमांकाची सुरू होते. अनुक्रमांकाचेही म्हणून दोन भाग असतात: कितवी फाइल, आणि त्या फाइलीत सुरुवातीपासून कितव्या बाइटवर. ३७/८१२३४५ म्हणजे सदतिसाव्या फाइलीत ८१२३४५ या जागेवर. प्रत्येक पानाचे पहिले आठ बाइट या क्रमांकासाठी राखलेले असतात.

आता तो संदेश पुन्हा वाचा. बॅकअपमध्ये पाने आली, लॉग आला नाही. सर्व्हरने कोरा लॉग उघडला, त्याचा शेवट १/ काहीतरी. पान मात्र म्हणते, माझ्यावर ३७/८१२३४५ या नोंदीपर्यंतचे बदल आहेत. सर्व्हरच्या दृष्टीने हे पान भविष्यातून आलेले आहे. पान डिस्कवर लिहिण्याआधी त्या क्रमांकापर्यंतचा लॉग पक्का झाला पाहिजे, असा नियम; आणि तो क्रमांक तर लॉगमध्ये अस्तित्वातच नाही. तेव्हा चूक लॉगमध्ये नाही. जोडीतला एक जण हरवला आहे, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे थांबला आहे. त्या संदेशाच्या उत्तरार्धात कारणेही दिलेली असतात (डेटाबेस एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना क्रमांक न पुसणे, किंवा सर्व लॉग फाइली काढून टाकणे), पण घाईत तेवढे कोणी वाचत नाही.

वर्गात करून पहा

लॉगही सोबत घेतला म्हणजे झाले, असे वाटेल. पण सर्व्हर चालू असताना प्रत काढायची तर क्रमालाही महत्त्व आहे. हे मुलांकडून करवून घेण्यासारखे आहे.

चार मुलांच्या नावाची चार कार्डे करा. प्रत्येकाकडे १० मणी आहेत असे कार्डावर लिहा. शिक्षकांनी व्यवहार सांगायचे: “सीमाचे ५ राजूला”, “राजूचे ३ सलमाला”. एक विद्यार्थी ते वहीत अनुक्रमांकाने लिहील. दुसरा सवडीने कार्डावरील आकडे बदलेल आणि कोपऱ्यात व्यवहाराचा क्रमांक टाकेल. व्यवहार चालू असतानाच तिसऱ्या विद्यार्थ्याला वही व कार्डे यांची प्रत करायला सांगा. अट एकच, व्यवहार थांबवायचे नाहीत.

पहिल्या वेळी त्याने आधी वही उतरवावी, मग कार्डे. वहीची प्रत ११ व्या व्यवहारापाशी संपेल. कार्डे उतरवायला घेतो तोवर १४ वा व्यवहार झालेला असेल. सीमाच्या कार्डावर तो आलेला, राजूचे कार्ड मात्र आधीच उतरवून झालेले. मण्यांची बेरीज करा. ४० येणार नाही, आणि चूक कुठे झाली ते सांगायला वहीच्या प्रतीत १४ वा व्यवहारच नाही. दुसऱ्या वेळी उलट करा: आधी कार्डे, शेवटी वही. आता कार्डांवर ९, १२, १४ असे वेगवेगळे क्रमांक असतील, बेरीज याही वेळी चुकेल, पण वहीत १६ पर्यंतचे सर्व आहे. प्रत्येक कार्डाला त्याच्या क्रमांकापासून पुढे १६ पर्यंत आणता येते, आणि बेरीज ४० येते. मुलांना हे शब्दांत सांगून पटत नाही, मणी कमी भरले की पटते.

बर्कली डीबीच्या माहितीपुस्तकातही बॅकअपचा क्रम हाच दिलेला आहे: आधी डेटाबेसच्या फाइली, नंतर लॉग.

दुरुस्ती

अशा वेळी सर्वांत पहिले काम म्हणजे सर्व्हर बंद ठेवून, आहे त्या सर्व फाइली जशाच्या तशा वेगळ्या डिस्कवर उतरवून घेणे. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर. मग हरवलेला जोडीदार शोधायचा. पुष्कळदा वेग वाढावा म्हणून लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवलेला असतो. ‘डीबी कॉन्फिग’ नावाच्या छोट्या फाइलीत त्याचा पत्ता असतो. बॅकअप घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो आणि तो फक्त माहितीचा फोल्डर उचलतो.

लॉग मिळाला, आणि तो त्याच बॅकअपच्या वेळचा असला, तर दोन्ही एकत्र ठेवायचे. ‘डीबी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकित फाइली मात्र (ज्यांच्या नावाआधी दोन अधोरेखा असतात) बॅकअपमधून आल्या असतील तर काढायच्या, ती चालू सर्व्हरची तात्पुरती स्मरणपाटी असते, जुनी उपयोगाची नाही. मग बर्कली डीबीच्या त्याच आवृत्तीच्या साधनाने पूर्ण दुरुस्ती चालवायची.

लॉग मिळाला नाही, पण कोणी ‘स्लॅपकॅट’ चालवून माहिती साध्या मजकुराच्या रूपात काढून ठेवली असेल, तर फारच चांगले. मजकुरात पाने नाहीत, क्रमांक नाहीत. रिकाम्या फोल्डरात ‘स्लॅपॲड’ने तो भरला की नवी पाने व नवा लॉग जोडीनेच जन्मतात. आमच्या मते लहान संस्थेने रोज रात्री हीच प्रत काढावी. एक खाचखळगा येथेही आहे. हे काम मुख्य व्यवस्थापकाच्या नावाने केले, तर नव्या फाइलींचा मालक तोच होतो आणि सर्व्हरला, जो वेगळ्या नावाने चालतो, त्या उघडता येत नाहीत. सगळे बरोबर करूनही सर्व्हर सुरू होत नाही आणि माणूस पुन्हा लॉगला दोष देऊ लागतो.

दोन्ही नसेल तर शेवटचा उपाय उरतो: पानांवरचे क्रमांक पुसून शून्य करणे. तसे साधन आहे आणि ते क्षणात काम करते. संदेश नाहीसा होतो, सर्व्हर सुरू होतो, सगळे खूश होतात. पण मणी ४० आहेत की ३५, हे कोणी मोजलेले नसते. क्रमांक पुसल्याने पाने एकमेकांशी जुळत नाहीत, फक्त न जुळल्याची खूण जाते. म्हणून क्रमांक पुसल्यावर लगेच सर्व माहिती मजकुरात काढावी, बाहेरच्या यादीशी ताडून पाहावी आणि नव्या डेटाबेसमध्ये भरावी. जुन्या पानांवर पुढचा कारभार चालवू नये.

ही अडचण एकाच प्रणालीची नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अनेक सर्व्हर एकमेकांना बदल कळवतात आणि प्रत्येकाचा क्रमांक कुठवर आला ते इतर लक्षात ठेवतात. त्यांतला एक सर्व्हर जुन्या डिस्क-प्रतीवरून गुपचूप मागे नेला, तर तो जुनेच क्रमांक पुन्हा नव्या बदलांना देतो. इतरांना वाटते, हे तर आपण पाहिलेले आहे, आणि ते बदल घेत नाहीत. तेथे पान भविष्यातले होते, येथे सर्व्हर भूतकाळातला. ओपनएलडीएपीने पुढे बर्कली डीबीचा आधार सोडला. २०२१ सालच्या २.५ या आवृत्तीपासून तो नाहीच. त्याजागी आलेल्या एलएमडीबीत वेगळा लॉग नसतो. जुन्या पानावर न लिहिता नवे पान लिहून मग सूची बदलायची, अशी त्याची रीत आहे. चालू सर्व्हरची फाइल साध्या पद्धतीने उचलली तर फसगत मात्र तेथेही होऊ शकते. त्याचे स्वतःचे प्रत काढण्याचे साधनच वापरावे लागते.

त्या महाविद्यालयात लॉग वेगळ्या डिस्कवर होता, आणि जागा कमी पडते म्हणून तो महिन्यापूर्वीच कोणीतरी पुसून टाकला होता. मजकुराची प्रतही नव्हती. क्रमांक पुसून माहिती बाहेर काढली आणि कार्यालयातील प्रवेश-रजिस्टर शेजारी घेऊन दोन दुपारी एकेक नाव ताडले. पाच विद्यार्थी सूचीत होते, पण त्यांची पाने नव्हती. त्यांची नावे, वर्ग, जन्मतारखा रजिस्टरवरून पुन्हा भरता आल्या. परवलीचे शब्द कोणत्याच रजिस्टरात नसतात. ते त्या पाच जणांना नव्याने घ्यावे लागले.