पाळीव प्राण्यांतील स्वयंप्रतिकार त्वचारोग : निदान व उपचार

रोगप्रतिकारशक्ती शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा स्वयंप्रतिकार रोग उद्भवतो. कुत्र्यांतील ‘पेम्फिगस फोलिएशियस’ या रोगात त्वचेच्या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांवर प्रतिपिंडे आघात करतात. परिणामी नाक, कान व पंजांच्या गाद्यांवर पुळ्या आणि खपल्या येतात. खरूज व गजकर्ण यांची लक्षणेही अशीच असल्याने केवळ अंदाजाने स्टिरॉईड दिल्यास मूळ संसर्ग बळावतो. म्हणून प्रथम त्वचा खरवडून माइट व बुरशीची तपासणी आणि त्यानंतर खपलीसह बायोप्सी करणे आवश्यक ठरते. वाशीम जिल्ह्यातील पशुपालकांना तज्ज्ञ सल्ल्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळची आहे. निदान निश्चित झाल्यावर प्रेडनिसोलोन हे प्रमुख औषध होय. मात्र सुधारणा दिसताच ते एकाएकी थांबविणे घातक असून मात्रा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली क्रमाक्रमानेच कमी करावी.