उच्चार शिकवा, स्पेलिंग नव्हे

टफ, कॉफ, दो आणि थ्रू. इंग्रजीतल्या या चारही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरे येतात आणि चारही वेळा उच्चार निराळा. अक्षरे 26, प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ध्वनी मात्र साधारण 44. स्पेलिंगवर विसंबून बोलायला शिकणाऱ्याची फसगत ठरलेलीच. म्हणूनच 1886 साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी संघटना काढली. एका ध्वनीला एकच चिन्ह देणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी ही तिची देणगी. डॅनियल जोन्स यांचा 1917चा उच्चारकोश याच लिपीवर उभा आहे.

आपल्याला हे नवे वाटायचे कारण नाही. क-वर्ग कंठातला, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांवर, ही मांडणी आपण पहिलीतच घोकतो. इंग्रजीच्या तासाला मात्र ती कुणाला आठवत नाही. गाइडात शब्दापुढे देवनागरी उच्चार छापलेला असतो, मुले तो पाठ करतात. 'व्हॅन' लिहिले की वाचताना त्यात आपला 'ह' हमखास मिसळतो. खरे तर वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून आवाज घासत बाहेर सोडायचा, एवढेच. 'वाइन'मध्ये दातांचे काम नाही. तिथे ओठांचा चंबू. हातात छोटा आरसा दिला तर मुलांना हा फरक डोळ्यांनीच कळतो.

'पिन' म्हणताना इंग्रज माणूस 'प'बरोबर हवेचा झोत सोडतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. 'स्पिन' म्हणताना जवळजवळ हलत नाही. आपण 'पिन' झोताविना म्हणतो, म्हणून त्याला कधी कधी 'बिन' ऐकू येते. 'क' आणि 'ख' लहानपणापासून वेगळे म्हणणाऱ्यांना हे अवघड नाही, फक्त कुणी सांगत नाही.

उलट 'थिंक'मधल्या 'थ'वर तासन्‌तास खर्च होतात. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली मांडले, की जगभरचे परभाषक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा या 'थ'वाचून काही अडत नाही. 'प', 'ट', 'क'मागचा झोत मात्र हवा. शब्दातला आघातही त्यांनी आवश्यक बाबींतून वगळला. इथे मला त्यांचे पटत नाही. फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक घ्या: पहिल्यात जोर 'फो'वर, दुसऱ्यात 'टो'वर, तिसऱ्यात 'ग्रा'वर. जोर सरकला की मागे राहिलेले स्वर बहुधा आक्रसून आपल्या ऱ्हस्व 'अ'च्या जवळ जातात. इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा स्वर तोच. आपण मात्र प्रत्येक अक्षर सारख्याच ठसक्यात म्हणतो आणि समोरच्या इंग्रजाला शब्दच ओळखू येत नाही.

मुलांच्या हाती मोबाइल आहेच. शब्दकोशात अर्थ शोधताना उच्चारातली बारीक उभी रेघही त्यांना पाहायला सांगा. ती वरच्या बाजूला ज्याच्या आधी दिसेल, त्या अक्षरावर जोर द्यायचा.